मोडलेल्या लग्नाचं स्मारक

कीव शहरात आंद्रियिव्स्की उझ्वीझ नावाचा एक दगडी फरसबंदीचा उतार आहे. वरच्या टोकाला सेंट अँड्र्यूचं चर्च, रास्त्रेल्लीच्या आराखड्यावरून १७४७ ते १७५४ या काळात बांधलेलं. खालच्या टोकाला पोदिल, म्हणजे नीप्रो नदीकाठची जुनी पेठ. वर अधिकारी, जमीनदार, बग्ग्या. खाली दुकानदार, कारागीर, बाजारात टोपल्या मांडून बसणाऱ्या बायका. चर्चच्या जवळच १९९९ साली एक ब्राँझचं जोडपं बसवण्यात आलं. झुपकेदार पोशाखातली एक बाई आणि तिची मनधरणी करणारा एक छानछोकी पुरुष. पर्यटक त्यांच्यासोबत फोटो काढतात, नवविवाहित जोडपीही येतात. गंमत अशी की हे दोघं प्रत्यक्षात कधी नव्हतेच, आणि ज्या गोष्टीत होते तिथेही त्यांचं लग्न ऐन वेळी मोडलं. मोडलेल्या लग्नाचं स्मारक उभारणारं दुसरं शहर मला तरी ठाऊक नाही.

तो पुरुष म्हणजे स्विरिद पेत्रोविच आणि ती बाई म्हणजे प्रोन्या प्रोकोपिव्ना. चित्रपटाचं नाव 'ज़ा द्वोमा ज़ायत्स्यामी', म्हणजे 'दोन सशांच्या मागे'. कीवच्या दोव्झेन्को स्टुडिओत विक्तोर इवानोव यांनी तो एकोणिसाव्या शतकातल्या एका नाटकावरून केला आणि १९६१ च्या डिसेंबरात तो पडद्यावर आला. दोन सशांच्या मागे धावलास तर एकही हाती लागणार नाही, ही युक्रेनी म्हण. आपण याला तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणू.

पैशासाठी लग्न करू पाहणाऱ्या माणसाची फजिती हा विनोदाचा जुनाच विषय आहे. तेवढ्यासाठी हे प्रकरण उकरून काढायचं कारण नव्हतं. हा माणूस पैशासाठी फक्त लग्न करत नाही, त्याआधी तो आपली बोली आणि आपलं नाव बदलतो. आणि पुढे या चित्रपटाच्या वाट्यालाही जवळपास तेच आलं. त्याची स्वतःची बोली कित्येक वर्षं हरवली होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की चित्रपट नुसता हसवत नाही, थोडा टोचतोही.

आधी वराची बाजू पाहू.

स्विरिदचं पोदिलमध्ये दाढी-कटिंगचं दुकान आहे. म्हणजे होतं. दुकानाचा पैसा त्याने चौकड्यांच्या पाटलोणी, टोप्या, छडी, सिगार, मित्रमंडळींच्या पार्ट्या आणि पत्त्यांच्या डावांत उडवला. आता सावकार दारात उभे आहेत आणि मुदत संपत आली आहे. बडा घर, पोकळ वासा. त्याच्याकडे विकण्याजोगी एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे तो स्वतः. गिऱ्हाईकही समोर आहे. पोदिलचा दुकानदार प्रोकोप सिर्को याने आयुष्यभर कोपेक-कोपेक जोडून बऱ्यापैकी गाठोडं बांधलं आहे. त्याची एकुलती एक मुलगी प्रोन्या. रूप बेताचं, वय लग्नाच्या बाजारात जरा पुढे गेलेलं, आणि तोरा आभाळाला टेकलेला, कारण ती तीन महिने एका 'पान्सियोन'मध्ये, म्हणजे बड्या घरच्या मुलींच्या वसतिशाळेत शिकून आली आहे. तीन महिने! त्या तीन महिन्यांच्या भांडवलावर ती आईबापांना उठता-बसता अडाणी ठरवते.

इथे योजनेचा हिशेब नीट पाहायला हवा, कारण फजितीचं बीज त्यातच आहे. रशियन साम्राज्याच्या दिवाणी कायद्यात लग्नामुळे नवराबायकोची संपत्ती एक होत नसे. बायकोने माहेरून आणलेला हुंडा तिचीच स्वतंत्र मालमत्ता मानला जाई, साधारण आपल्याकडच्या स्त्रीधनाच्या कल्पनेसारखा. तेव्हा लग्न लागलं आणि पैसा आपला झाला, असा सरळ मामला कागदावर तरी नव्हता. मग स्विरिद कशाच्या भरवशावर होता? म्हाताऱ्या सासऱ्याच्या गल्ल्यावर, बायकोच्या भोळ्या मायेवर, आणि मुख्य म्हणजे वार्तेवर. श्रीमंताचा जावई होणार ही बातमी पसरली की सावकार थांबतात. त्याला पैशाआधी पत हवी आहे, आणि पत मिळण्यासाठी लग्न लागायचीही गरज नाही. ठरलं एवढं पुरतं. थोडक्यात, त्याने सावकारांना एक वायदा विकला आणि सिर्को घराण्याला दुसरा.

तिसरा वायदा त्याला महागात पडला. बाजारात बसणाऱ्या सेक्लेताची मुलगी हाल्या देखणी आहे, आणि स्विरिदला वाटतं की पैसा एकीकडून आणि प्रेम दुसरीकडून, दोन्ही जमेल. रात्री तो हाल्याच्या मागे लागतो आणि सेक्लेताच्या तावडीत सापडतो. ही बाई त्याच्याकडून देवाधर्माची शपथ वदवून घेते की लग्न करीन तर हाल्याशीच. सुटका व्हावी म्हणून तो हो म्हणतो. वायदे करायची त्याला सवयच आहे. आता खरी मेख. सेक्लेता आणि प्रोन्याची आई यावदोखा या सख्ख्या बहिणी. म्हणजे प्रोन्या आणि हाल्या मावसबहिणी. पठ्ठ्याने दोन ससे धरले तेही एकाच बिळातले. एवढ्याशा पेठेत, जिथे एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात ठसका काढते, तिथे दोन बहिणींच्या घरी दोन वेगवेगळी लग्नं ठरवून ती गुपचूप ठेवायची, हा बेतच मुळात वेड्याचा. त्याचा बोजवारा चर्चच्या दारात उडतो, सगळ्यांदेखत.

आता नाव.

घराण्याचं मूळ आडनाव 'होलोख्वोस्ती'. युक्रेनी भाषेत याचा सरळ अर्थ 'उघड्या शेपटीचा', नागव्या शेपटीचा म्हणा. पेठेतल्या माणसाला शोभेल असं रांगडं आडनाव. स्विरिद ते 'गोलोख्वास्तोव' करतो. बदल बघा किती नेमका आहे. पुढे 'ओव' हा रशियन प्रत्यय जोडला, सुरुवातीच्या युक्रेनी 'ह'चा रशियन 'ग' झाला, आणि मधल्या 'ख्वोस्त'चं, म्हणजे शेपटीचं, 'ख्वास्त' झालं. रशियात गोलोख्वास्तोव नावाचं खरोखरचं जुनं सरदार घराणं होतं. एका स्वराच्या फेरफारात दाढी करणारा माणूस सरदारांच्या पंगतीला जाऊन बसला. पण भाषा त्याचा सूड घेते. रशियनमध्ये 'ख्वास्तात' म्हणजे बढाया मारणं. म्हणजे नागवी शेपटी लपवायला गेला आणि नागवी बढाई होऊन बसला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आणि त्याच्या होणाऱ्या सासऱ्याचं 'सिर्को' हे आडनाव? युक्रेनी खेड्यांत कुत्र्याला हे नाव सर्रास ठेवतात. करड्या रंगाचा, तो सिर्को. जिने आपल्याला बडी बाई मानायचं ठरवलं आहे, तिच्या दारावर मोत्या किंवा खंड्या अशी पाटी. नवरा-नवरी दोघांचीही आडनावं शेपटीपाशीच अडतात, हे नाटककाराने उगाच केलेलं नाही.

बोलीचंही तसंच. पोदिलची माणसं घरात युक्रेनी बोलतात. स्विरिद आणि प्रोन्या मात्र जे बोलतात ते युक्रेनीही नाही आणि रशियनही नाही. या मिश्र बोलीला 'सुर्झिक' म्हणतात. मूळ शब्द पिठाचा: गहू आणि राय एकत्र दळलं की ते सुर्झिक, हलक्या प्रतीचं मिश्र पीठ. या दोघांच्या तोंडी त्या पिठात फ्रेंचचे खडेही आहेत. स्विरिदचं गाजलेलं प्रवचन असं: विद्वान माणूस बुद्धीच्या बळावर ढगांपार जातो, लाव्राच्या, म्हणजे कीवच्या मोठ्या मठाच्या घंटाघरापेक्षाही उंच होतो, आणि तिथून खाली पाहिलं की माणसं त्याला उंदरांएवढी दिसतात. इथे त्याला वाटतं की 'उंदीर' हा शब्द काही सभ्य नव्हे. मग तो 'पार्दों' म्हणतो आणि दुरुस्ती करतो: घुशींएवढी. लाव्राचं मोठं घंटाघर ९६.५ मीटर उंच आहे. कीवच्या माणसाला उंचीसाठी तेच माप सुचणार. जग जिंकायला निघालेल्या या तत्त्वज्ञाची झेप स्वतःच्या गावच्या मनोऱ्यापलीकडे जात नाही, हे त्या वाक्यात कसं बेमालूम आलं आहे! शिवाय सासू-सासऱ्यांना त्यातलं काही कळत नाही आणि म्हणूनच ते भारावतात. जे समजत नाही ते उच्च असणार, हा हिशेब आपल्याकडेही अपरिचित नाही. लग्नाच्या बैठकीत चार वाक्यं इंग्रजीत फेकणाऱ्या स्थळाकडे घरातली मोठी माणसं कशी पाहतात, ते आठवून बघा.

ही बोली म्हणजे केवळ हसण्यासाठी केलेली नक्कल नव्हे. १८७४ च्या गणतीत कीवची लोकसंख्या सव्वा लाखाच्या थोडी वर होती. १८९७ मध्ये ती सुमारे २ लाख ४८ हजार झाली. त्या १८९७ च्या जनगणनेत शहरातल्या जवळपास ५४ टक्के लोकांनी मातृभाषा रशियन सांगितली, युक्रेनी फक्त २२ टक्क्यांनी. सभोवार पसरलेल्या खेड्यांत मात्र युक्रेनीच. म्हणजे खेड्यातून किंवा पेठेतून वर सरकायचं तर उताराची चढण चढता चढता भाषा खाली ठेवून जायची. साम्राज्याचं धोरणही तेच सांगत होतं. १८७६ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरने जर्मनीतल्या एम्स इथे मुक्कामी असताना एक हुकूम काढला आणि युक्रेनी भाषेतली छपाई, बाहेरून येणारी पुस्तकं, रंगभूमी यांवर बंदी घातली. १८८१ मध्ये नाटकांपुरती ती काहीशी सैल झाली, तीही स्थानिक गव्हर्नरच्या मर्जीवर.

हे नाटक त्या फटीतून आलं. इवान नेचुय-लेवित्स्की यांनी १८७५ मध्ये कीवच्या चामडे कमावणाऱ्यांच्या वस्तीवर 'ना कोझुम्याकाख' ही विनोदी नाटिका लिहिली होती. मिखाइलो स्तारित्स्की यांनी तिचं नव्याने रूपांतर करून १८८३ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आणलं. याच माणसाने आपली जमीनजुमला विकून युक्रेनी व्यावसायिक नाटक मंडळी उभी केली होती. त्याच वर्षी कीवचा गव्हर्नर-जनरल द्रेन्तेल्न याने आपल्या अखत्यारीतल्या प्रांतांत युक्रेनी नाटक मंडळ्यांना बंदी केली आणि ती दहा वर्षं टिकली. कीवच्या पेठेची थट्टा करणारं नाटक कीव सोडून इतरत्र करायचं! पेठेतला एक होतकरू आपली बोली टाकून का पळतो, याचं उत्तर नाटकात दिलेलं नाही. ते नाटकाच्या बाहेर, दारावर टांगलेलं होतं.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण त्यामुळे स्विरिदकडे नुसता लुच्चा म्हणून पाहता येत नाही. तो लुच्चा आहेच. पण ज्या बाजारात तो स्वतःला विकायला निघाला, तिथले भाव त्याने ठरवलेले नव्हते.

आता चित्रपटाकडे. इवानोव यांच्या हाताशी जी माणसं होती त्यांत एक मजेदार योगायोग आहे. स्विरिद झाला ओलेग बोरिसोव. जन्म रशियातल्या इवानोवो प्रांतातला, नोकरी कीवच्या लेस्या उक्राइन्का रशियन नाट्यगृहात. प्रोन्या झाली मार्गारिता क्रिनित्सिना. जन्म उरलमधला, तोही रशियातलाच. आणि त्यांच्या समोर उभी ठाकली युक्रेनी रंगभूमीवरची मंडळी. प्रोन्याचा बाप झालेला मिकोला याकोव्चेन्को आणि सेक्लेता झालेली नोन्ना कोपेर्झिन्स्का, दोघंही इवान फ्रान्को नाट्यगृहाचे मुरलेले कलावंत. म्हणजे रशियन असल्याचं सोंग आणणाऱ्या युक्रेनी माणसांच्या भूमिका रशियात जन्मलेल्या नटांनी केल्या, आणि पेठेच्या अस्सल बोलीची बाजू फ्रान्कोच्या नटांनी लढवली. एकाच शहरातल्या दोन रंगभूमी एकाच चौकटीत. हा योगायोग होता की दिग्दर्शकाचं गणित, हे सांगणं कठीण, पण पडद्यावर त्याचा परिणाम विलक्षण आहे. बोरिसोवचा देह सतत वर झेपावत असतो, टाचा उचललेल्या, हात हवेत; याकोव्चेन्को जागचा हलत नाही, नुसता बघतो, आणि त्याच्या बघण्यातच अर्धा विनोद आहे. पुढे बोरिसोव लेनिनग्राडला गेला, गंभीर भूमिकांत नावाजला, १९९० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान त्याला मिळाला. कीवमध्ये मात्र तो आजही पाटलोणवाला स्विरिदच.

क्रिनित्सिनाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. चित्रीकरणाच्या वेळी ती तिशीच्या उंबरठ्यावरची देखणी नटी होती. रंगभूषाकारांनी तिला मुद्दाम कुरूप केलं. कुरूप मुलीच्या लग्नावर हसणं आज जड जातं, आणि जावंही. चित्रपटाने प्रोन्याची थट्टा करताना कुठे हात आखडता घेतलेला नाही. पाहुणा येतोय म्हणताच ती कुठे बसू, कशी बसू, पुस्तक धरू की शाल, अशी धांदल करते आणि अखेर मोलकरणीच्या तोंडून भलताच निरोप बाहेर जातो. त्या प्रसंगावर तीन पिढ्या हसल्या. पण क्रिनित्सिनाचा चेहरा त्या हसण्याला पूर्ण शरण जात नाही. प्रोन्या मूर्ख आहे, उद्धट आहे, आणि तरी तिला खरोखर कुणीतरी हवं आहे. दुसरं म्हणजे, ती निव्वळ बळी नाही. स्विरिदला तिचा पैसा हवा आहे आणि तिला त्याचं 'ओव' लागलेलं आडनाव, त्याची न कळणारी भाषा. व्यवहार दोन्ही बाजूंनी आहे. फरक एवढाच की दोघांपैकी एकाचा माल खोटा निघतो. चर्चच्या दारात सगळं फुटतं तेव्हा स्विरिदची फजिती होते, आणि तिचं काय होतं ते क्रिनित्सिनाच्या चेहऱ्यावर पाहायचं. माझ्या मते चित्रपटातला सर्वांत मोठा अभिनय तिथे आहे, बोरिसोवच्या सगळ्या कसरतींपेक्षा.

चित्रपट पूर्ण झाला तेव्हा त्याला दुसरा दर्जा मिळाला. सोव्हिएत वितरणात दर्जावर मानधन आणि प्रतींची संख्या ठरे. दुसरा दर्जा म्हणजे थोड्या प्रती आणि मर्यादित प्रदर्शन. बोली युक्रेनी, तेव्हा युक्रेनमध्येच चालेल, असा हिशेब. पण लोकांनी तो उचलून धरला. मग रशियन आवाज देऊन तो अख्ख्या संघराज्यात दाखवायचं ठरलं. बोरिसोवने स्विरिदचा रशियन आवाज स्वतःच दिला, आणि तो मिश्कीलपणाचा नमुना आहे. इथवर तक्रारीला जागा नाही. चित्रपट मोठ्या घरात पडला, मोठा झाला. दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षं तोच रशियन आवाजातला चित्रपट लागत राहिला, त्याची वाक्यं घराघरांत म्हणी होऊन बसली.

मात्र रशियन आवाजात एक गोष्ट मोडते. मूळ चित्रपटात दोनच पात्रं वाकडी बोलतात. बाकी सगळे सरळ युक्रेनी बोलतात. विनोद त्या अंतरात आहे. डबिंगमध्ये सेक्लेता, सिर्को, यावदोखा, सगळेच रशियन बोलू लागले, युक्रेनी हेल ठेवून. त्यामुळे झालं काय, की जी सरळ भाषा होती ती गावंढळ रशियन वाटू लागली, आणि स्विरिदची वाकडी भाषा तिच्यापासून फार लांब राहिली नाही. मूळ आवाजात तो परक्या अंगणात सोंग घेऊन उभा असतो. डबिंगमध्ये सगळेच थोडे थोडे सोंगाडे होतात. प्रेक्षक हसतो तेव्हा एका बढाईखोरावर न हसता एका अख्ख्या पेठेच्या हेलावर हसतो. हे मुद्दाम कुणी केलं असं माझं म्हणणं नाही. अनुवादाच्या यंत्रात असं आपोआप होतं: पट्टी बदलली की सूर बेसूर ठरतो.

आणि मग मूळ आवाज हरवला. कसा, हे समजायला फिल्मची रचना माहीत हवी. ३५ मिलिमीटरच्या प्रदर्शनाच्या प्रतीत आवाज चित्राच्या शेजारीच एका अरुंद पट्टीत प्रकाशाच्या रेषांनी छापलेला असतो, आणि तो संबंधित चित्राच्या जवळपास २० चौकटी पुढे असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये चित्र दाखवणारी खिडकी आणि आवाज वाचणारा दिवा वेगवेगळ्या जागी बसवलेले असतात. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे हे अंतर सेकंदापेक्षा थोडंच कमी. त्यामुळे फिल्म तुटली आणि ऑपरेटरने चार चौकटी कापून जोड मारला की चित्र एकीकडे उडी मारतं आणि आवाज दुसरीकडे. प्रत जितकी लोकप्रिय तितकी तिची चाळण होते आणि शेवटी ती बाद होऊन जाते. नव्या प्रती काढायच्या तर आवाजाची निगेटिव्ह लागते, आणि मागणी रशियन प्रतींची असल्यावर तीच निगेटिव्ह कामाला येते. सोव्हिएत काळी चित्रपटांचं मूळ साहित्य मॉस्कोजवळच्या बेलिये स्टोल्बी इथल्या गोसफिल्मोफोंद या संग्रहात जमा करण्याची पद्धत होती. थोडक्यात, चित्रपट कीवचा, कपाट मॉस्कोचं. आग लागली नाही, कुणी हुकूम काढला नाही. गरज नाही म्हणून युक्रेनी आवाज मागे पडत गेला आणि एके दिवशी लोक म्हणू लागले की तो नाहीच.

१९९९ मध्ये स्वतंत्र युक्रेनने या चित्रपटाला दोव्झेन्को यांच्या नावाचा राज्य पुरस्कार दिला. तेव्हा इवानोव जाऊन अठरा वर्षं झाली होती, याकोव्चेन्को १९७४ मध्येच गेला होता, बोरिसोव १९९४ मध्ये. या नटांपैकी पुरस्कार हयातीत मिळाला तो क्रिनित्सिनाला. आंद्रियिव्स्की उझ्वीझवरचा तो ब्राँझचा पुतळाही त्याच वर्षीचा. राज्याने सन्मान केला, शहराने पुतळा उभा केला, आणि पुतळ्यातल्या माणसांचा मूळ आवाज मात्र कुणाकडेच नव्हता. २००३ मध्ये दूरचित्रवाणीसाठी याच गोष्टीवर एक झगमगीत संगीतिका निघाली, अल्ला पुगाच्योवा प्रोन्या आणि माक्सिम गाल्किन स्विरिद. ती सोडून देऊ.

२०१३ मध्ये युक्रेनी आवाजाची प्रत सापडली. कीवला नाही, मॉस्कोलाही नाही. अझोव समुद्रकाठच्या मारिउपोल या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरात, तिथल्या प्रादेशिक फिल्म संग्रहात. म्हटलं तर आश्चर्य, म्हटलं तर नाही. राजधानीत कपाटं वारंवार आवरली जातात. लांबच्या गोदामात जे एकदा ठेवलं ते ठेवलं. मारिउपोल हे तर बहुतांशी रशियन बोललं जाणारं शहर, तिथे युक्रेनी प्रतीला फारशी मागणी नसावी, आणि मागणी नसल्यामुळेच ती झिजली नसावी, असा माझा तर्क. ज्या उपेक्षेने इतरत्र तो आवाज संपवला, तिनेच इथे तो राखला. कीवच्या दोव्झेन्को केंद्राने, म्हणजे देशाच्या चित्रपट संग्रहालयाने, तो आवाज दुरुस्त करून चित्राला पुन्हा जोडला.

मी आधी रशियन आवाजातला चित्रपट पाहिला होता, खूप हसलो होतो. नंतर युक्रेनी आवाजातला पाहिला. दोन्ही भाषा मला उपशीर्षकांच्या कुबड्यांवरच कळतात, तरी फरक कानाला पहिल्या पाच मिनिटांत जाणवतो. सेक्लेता बोलते तेव्हा जमीन खाली येते. ती बाजारातली भांडकुदळ बाई राहत नाही, त्या गोष्टीतली एकमेव ताठ उभी असलेली व्यक्ती होते. स्विरिद आणि प्रोन्या एकमेकांशी बोलतात तेव्हा दोघंही आपल्या घरच्या भाषेकडे पाठ करून, हातात हात घेऊन, न येणाऱ्या भाषेत प्रेम करू पाहतात. ते आता जास्त हास्यास्पद वाटतं, आणि जास्त केविलवाणंही. शपथेच्या प्रसंगात तर स्विरिदचं सोंग गळून पडतं, कारण सेक्लेतापुढे फ्रेंच चालत नाही.

तो आवाज ऐकायला क्रिनित्सिना नव्हती; ती २००५ मध्ये गेली. मुख्य मंडळींपैकी ज्यांनी तो १९६१ मध्ये दिला होता, त्यांतलं बहुतेक कुणीच उरलं नव्हतं.

२०२२ च्या फेब्रुवारीअखेर रशियन सैन्याने मारिउपोलला वेढा घातला. १६ मार्चला शहराच्या नाट्यगृहावर बॉम्ब पडला, तेव्हा आत आसऱ्याला आलेली माणसं होती. मे महिन्यापर्यंत शहराचे रस्तेच्या रस्ते उद्ध्वस्त झाले होते. दोन सशांच्या मागे धावणाऱ्या त्या माणसाचा युक्रेनी आवाज मात्र तिथून नऊ वर्षं आधीच कीवला पोचला होता.